तिसऱ्या मजल्यावरची आई

मी घर सोडलं ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. आईच्या जुन्या सुती साडीने मला छातीशी आणि मांड्यांपाशी खुर्चीला बांधलं होतं. शेजारचे दोघं मागे पाठीशी, दोघं पुढे खुर्चीच्या पायांशी, आणि सगळ्यांच्या पुढे बाबा, उलटे उतरत. "आता वळण आहे. इथे पायऱ्या अरुंद. सावकाश, घाई कुणालाच नाही." बाबा आयुष्यभर गणित शिकवत आले. जिना उतरतानाही ते एकेक पायरी सोडवत होते.

खुर्ची मागे कलती धरलेली असल्यामुळे मला समोरचं काही दिसत नव्हतं. दिसत होती वरच्या जिन्याची खालची बाजू, तिथले पोपडे, आणि तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर टेकलेली आईची बोटं. ती खाली आली नाही. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. खाली उतरलं की परत चढायला अर्धा तास लागायचा. "फोन कर पोचलीस की, मंजू," एवढंच ती वरून म्हणाली.

नारायण पेठेतून कर्वेनगरला जायला रिक्षाने वीस मिनिटं लागतात. माझा चुलतभाऊ अमेरिकेला गेला तेव्हा घरातले सगळे त्याला सोडायला विमानतळावर गेले होते, आई रडून रडून आजारी पडली होती. तो आजवर तीनदा घरी येऊन गेला. मी एकदाही नाही.

परदेशी गेलेल्यांच्या आठवणी लोक आवडीने वाचतात. पण याच शहरात असे बरेच जण आहेत ज्यांचं घर चार रस्त्यांपलीकडे आहे आणि तरी त्यांना तिथे जाता येत नाही. काही खाली अडकलेत, काही वर. हे त्या दोघांसाठी लिहिते आहे.

छत्तिसाव्या वर्षी मला साधा ताप आला. चौथ्या दिवशी पायांना मुंग्या, आणि पाचव्या दिवशी सकाळी उठायला गेले तर कमरेखाली माझं असं काही उरलंच नव्हतं. मज्जारज्जूला सूज आली, असं डॉक्टर म्हणाले. काहींचे पाय परत येतात, काहींचे नाही. माझे आले नाहीत. दोन महिन्यांनी मला दवाखान्यातून घरी आणलं आणि सत्तावन्न पायऱ्या वर चढवून माझ्या खोलीतल्या पलंगावर ठेवलं. तिथे मी चौदा महिने होते. त्या काळात सात वेळा खाली उतरले, सातही वेळा दवाखान्यात जायला.

त्या खोलीबद्दल तक्रार करावी असं आईबाबांनी काहीच केलं नाही. आई दर दोन तासांनी मला कुशीवर वळवायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून. तरी झाली. चाकाची खुर्ची बाथरूमच्या दारातून आत जात नसे, म्हणून आई पलंगावरच सगळं करायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात बारा वर्षं नोकरी केलेली बाई. रोज सकाळी दार लावून घेऊन, डोळे मिटून पडून राहायचे, आणि आई कामं उरकताना मुद्दाम भाजीवाल्याला नावं ठेवत बसायची, म्हणजे दोघींनाही दुसऱ्या कशाकडे बघायला नको.

सातव्या वेळी मला खाली नेताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा हात निसटला. खुर्ची एका बाजूला झुकली. बाबांनी मध्ये हात घातला आणि त्यांचं मनगट मोडलं. मला खरचटलंही नाही. प्लास्टर घालून आल्यावर बाबा म्हणाले, "काही नाही, डावाच हात आहे." त्या दिवसापासून मला जिन्याची भीती बसली. स्वप्नात येणारी नव्हे, जागेपणीची. खुर्चीचे पाय जमिनीवरून उचलले की माझे दात वाजायला लागायचे.

मी ठरवलं की तळमजल्यावर राहायला जायचं, कॉलेजजवळ. कॉलेजला लिफ्ट होती आणि माझी जागा त्यांनी राखून ठेवली होती.

"आपण तिघंही जाऊ," मी म्हटलं.

आई बाबांकडे बघत राहिली. बाबा खिडकीबाहेर.

आमचं घर पागडीचं. इमारत पाडून नवी बांधायची बोलणी सात-आठ वर्षं चालली होती. मालक, बिल्डर, अकरा भाडेकरू, आणि त्यातले दोन असे की त्यांना बैठकीचा चहासुद्धा मान्य नसे. घर बंद करून गेलं की मालक कुलूप तोडून ताबा घेतो, असं इमारतीत प्रत्येकजण प्रत्येकाला सांगायचा. नव्या इमारतीत लिफ्ट येणार होती.

"आम्ही थांबतो ते तुझ्यासाठीच ना," आई म्हणाली. "लिफ्ट झाली की तू परत यायचंस. तोवर घर धरून ठेवायला कुणीतरी नको?"

बोलणं रास्त होतं. मी वाद घातला नाही. आता वाटतं, घालायला हवा होता.

कर्वेनगरचा फ्लॅट दोन खोल्यांचा. तिथे मी नवी भाषा शिकले. ट्रान्सफर म्हणजे पलंगावरून खुर्चीत फळीवरून सरकणं. प्रेशर म्हणजे बसून बसून कातडी मरणं, आणि ते टाळायला दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन बूड उचलणं. कुशन म्हणजे खुर्चीपेक्षा महत्त्वाची वस्तू. दवाखान्यातून आणलेली घडीची खुर्ची ही दुसऱ्याने ढकलायची असते, आपली आपण चालवायची खुर्ची वेगळी, मापाने बनवलेली, हेसुद्धा मला तिथे आल्यावर कळलं. चौदा महिने मी चुकीच्या खुर्चीत बसले होते आणि मला वाटत होतं माझ्याच हातात जोर नाही.

हे सगळं मला छायाताईंनी दाखवलं. आंबेगावच्या पलीकडून दोन बस बदलून त्या सकाळी सात ते दुपारी तीन यायच्या. याआधी त्यांनी एका पाय गेलेल्या पैलवानाची सेवा केली होती. पहिल्या दिवशी मी फळीवरून सरकताना अर्ध्यात अडकले आणि म्हटलं, उचला मला. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी उचलंन, ताई. पण मी तीन वाजता जानार हाय. मंग?" त्या दिवशी पलंगावरून खुर्चीत यायला मला पाऊण तास लागला. छायाताई तेवढा वेळ मेथी निवडत बसल्या.

इमारतीच्या दारात दोन पायऱ्या होत्या. फक्त दोन. रॅम्प करून द्या म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज केला. साने नावाचे गृहस्थ, बँकेतून निवृत्त, अर्ज घेऊन स्वतः आले.

"रॅम्प केला की उद्या सगळे स्कूटर वर चढवतील," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय, नियम आहे. शिवाय आपण भाडेकरू. आपण इथे किती दिवस राहणार?"

"पाय परत येईपर्यंत," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं: घडीचा पत्र्याचा रॅम्प लावण्यास हरकत नाही, मात्र वापर झाल्यावर तो उचलून घरात ठेवावा. तो कुणी उचलावा याचा उल्लेख पत्रात नव्हता.

रविवारी मी आईला भेटायला जायचे. भेटायला म्हणजे बघायला. चाकाची खुर्ची दिसली की निम्मे रिक्षावाले थांबत नसत, जो थांबे तो खुर्ची मागे बांधून देई. आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीसमोर मी थांबायचे, ब्रेक लावायचे आणि फोन करायचे. आई गॅलरीत यायची. ती वर, मी खाली, दोघींच्या कानाला फोन. बाबा खाली येऊन माझ्या शेजारी उभे राहायचे. बोलणं संपलं की आई दोरीला पिशवी बांधून सोडायची. त्यात मेतकूट, लिंबाचं लोणचं, कधी अळूवड्या.

मान वर करून मला पंधरा-वीस मिनिटंच बोलता यायचं. मग मानेत कळ यायची. मी ते तिला सांगितलं नाही, "रिक्षा थांबलीय" म्हणायचे. पहिल्या वर्षी ती गॅलरीत उभी असायची. दुसऱ्या वर्षी स्टूल आलं. तिसऱ्या वर्षी ती बसायची तेव्हा कठड्यावर फक्त चेहरा दिसायचा. जिना उतरणं तर तिने कधीच सोडलं होतं. शेजाऱ्यांकडून उचलून आणूया असं बाबा एकदा म्हणाले तेव्हा तिने त्यांना झटकून टाकलं. "मला उचलून न्यायला मी काय गणपती आहे?" गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. गिरणीवालासुद्धा हसला.

कात्रजला एक गोदाम आहे, तिथे आजारी माणसांच्या वस्तू उसन्या मिळतात. खाटा, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या. बहुतेक वस्तू, ज्यांची गरज संपली त्यांच्या घरच्यांनी आणून दिलेल्या. गरज दोनच प्रकारे संपते, असं तिथले देशमाने म्हणायचे. ते पूर्वी कारखान्यात फिटर होते, आता दिवसभर चाकांना तेल घालत. माझ्या खुर्चीचं पुढचं चाक अडकायला लागलं म्हणून मी तिथे गेले आणि कोपऱ्यात एक वेगळीच खुर्ची दिसली. मागे रणगाड्यासारखे दोन रबरी पट्टे.

"जिन्याची खुर्ची," देशमाने म्हणाले. "पट्टे पायऱ्यांच्या कडा धरतात. दोन माणसं पुरतात. न्यायची?"

तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका रविवारी देशमाने आणि त्यांचा एक सहकारी ती खुर्ची घेऊन नारायण पेठेत आले. आईने सकाळपासून शिरा करून ठेवला होता. देशमान्यांनी जिना पाहिला, वाकून पायऱ्या मोजल्या आणि मला स्वच्छ सांगितलं, "सरळ जिना सोपा आहे. वळणावर मात्र पायऱ्या तिरक्या आहेत, तिथे पट्टा धरणार नाही. आम्ही दोघं उचलू. खुर्ची जरा कलेल. ओरडायचं नाही."

पहिल्या मजल्यापर्यंत मी अगदी सुरळीत गेले. खुर्ची टप्प्याटप्प्याने चढत होती, मी कुणाच्या अंगाखांद्यावर नव्हते, आणि वरून आईचा आवाज येत होता, "आली का? कुठवर आली?" मग वळण आलं. दोघांनी खुर्ची उचलली. ती कलली, देशमाने म्हणाले होते तेवढीच, आणि मी किंचाळले. थांबताच येईना मला. "खाली घ्या, खाली घ्या" एवढंच ओरडत राहिले. त्यांनी मला खाली आणलं.

गल्लीत येऊन फोन लावला. आई गॅलरीत आली नाही, बराच वेळ. मग फोनवरच म्हणाली, "परत असलं करायचं नाही. माझ्यापायी तू पडायची नाहीस."

खरं सांगायचं तर तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. घरी न जाण्याला आता आईचीच परवानगी होती.

देशमाने खुर्चीची घडी घालता घालता म्हणाले, "ताई, तुम्हाला वर जमत नाही, तर राहू द्या. आईंना खाली आणू की. त्या घाबरणाऱ्या दिसत नाहीत. ही खुर्ची आणखी महिनाभर तरी कुणी मागितलेली नाही."

इतकं साधं होतं ते. तीन वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या आठवड्यात मी आईला विचारलं. ती आधी म्हणाली, "बघू." मग दिवाळी आली. मग म्हणाली, थंडीत गुडघे फार धरतात. मग म्हणाली, संक्रांत होऊ दे. मी दर वेळी "बरं" म्हटलं. डिसेंबरात देशमान्यांचा फोन आला की एका घरात खुर्ची हवी आहे, तुमचं काय? मी म्हटलं, द्या त्यांना, आमचं लांबलंय.

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी ग्रंथालयात होते. बाबांचा फोन आला. "आई बोलत नाहीये. जागी आहे, बघतेय, पण बोलत नाहीये." त्यांचा आवाज फळ्यावर गणित मांडताना असायचा तसाच होता.

मी गल्लीत पोचले तेव्हा रुग्णवाहिका उभी होती आणि आई अजून वरच होती. स्ट्रेचर वळणावर वळत नव्हतं. ते परत खाली आणून भिंतीला टेकवलं होतं. वरून हाका ऐकू येत होत्या. कुणीतरी चादर मागत होतं. मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची लावून बसले. मला त्या जिन्याची एकेक पायरी माहीत होती, कुठे कसं धरायचं ते माहीत होतं, वळणावर कुणी पुढे राहायला हवं तेही. खालून ओरडून सांगण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. मी ओरडत होते. कुणी ऐकत होतं की नाही, कोण जाणे.

अर्ध्या तासाने तिला चादरीत घालून खाली आणलं आणि माझ्यासमोर स्ट्रेचरवर ठेवलं. तीन वर्षांनी मी तिला हाताच्या अंतरावरून पाहिलं. तोंड वाकडं झालं होतं. पण मला दिसलं ते दुसरंच. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते, गॅलरीतून ते करडे वाटायचे. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधली होती. गाऊनची खालची दोन बटणं तुटलेली होती, आणि पावलं सुजून बुटासारखी झाली होती. कठड्याच्या वरचं तेवढं ती दर रविवारी नीटनेटकं करून मला दाखवत आली होती.

मी तिचा हात धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग नजर खाली माझ्या खुर्चीकडे नेली, तिथेच ठेवली. ही मापाची खुर्ची तिने जवळून कधी पाहिली नव्हती. "चांगली आहे, आई," मी म्हटलं. "मी स्वतः चालवते." मग दार लावलं. रुग्णवाहिकेत माझी खुर्ची मावत नव्हती.

दोन दिवसांनी ती गेली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

दिवसकार्य वरच झालं. अमेरिकेहून चुलतभाऊ आला. त्याने फोन हातात धरून मला सगळं दाखवलं. दिवा, फोटो, बसलेली माणसं. मी कर्वेनगरमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून माझं घर बघत होते. मध्येच तो माझ्या खोलीतून गेला. माझ्या पलंगावर स्वच्छ चादर होती, उशीला अभ्रा.

"इथे कोण झोपतं?" मी विचारलं.

त्याने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "कुणी नाही. ती दर सोमवारी बदलायची."

महिन्याभराने बाबा माझ्याकडे राहायला आले. घराला एक साधं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. कुलूप तसंच आहे. मालकाने तोडलं नाही, कुणी ताबा घेतला नाही, कुणी साधी चौकशीही केली नाही. ज्या भीतीने आईला तीन वर्षं वर ठेवलं ती एवढीच होती.

बाबा इथे पाहुण्यासारखे राहतात. कपबशी विसळून जागच्या जागी ठेवतात. रॅम्प लावणं-काढणं त्यांनी आपल्याकडे घेतलं आहे. दोन-तीन महिन्यांपूर्वी जेवताना ते अचानक म्हणाले, "तिला खाली यायचं होतं. मीच म्हटलं, वळणावर खुर्ची कलते, मंजूसारखी मुलगी घाबरली, तुझं काय होईल? मग ती गप्प बसली."

मी त्यांचं मनगट पाहिलं. ते अजून नीट वळत नाही.

"मीही जोर धरला नाही, बाबा," मी म्हटलं. "मला विचारायची भीती वाटायची. ती हो म्हणाली असती तर मला जिन्यापाशी थांबून बघावं लागलं असतं."

आम्ही जेवत राहिलो. एकमेकांना माफ करण्याएवढे आम्ही परके नाही.

गेल्या आठवड्यात बिल्डरचे कागद आले. ते दोन भाडेकरूही तयार झाले. नवी इमारत सात मजल्यांची, दोन लिफ्टची. कुठला मजला हवा ते लिहून द्यायचं होतं. बाबांनी पेन उघडलं. "तिसरा लिहू?"

"तळमजला."

"तळाला पार्किंग आहे. आणि आता लिफ्ट असणार की."

"लिफ्ट बंद पडते, बाबा."

त्यांनी ती ओळ कोरी ठेवली. कागद अजून टेबलावर आहे.

लोक विचारतात, लिफ्ट झाली की परत जाणार का? परत जायला तिथे कुणी वाट बघणारं हवं. घर म्हणजे काय, हे मी पूर्वी सांगू शकले असते: पेठ, गॅलरी, चादर, आई. आता माझी व्याख्या फार लहान झाली आहे. जिथून मला कुणाला हाक न मारता बाहेर पडता येतं आणि हाक न मारता परत आत येता येतं, ते घर. त्यात प्रेम येत नाही, हे मला कळतं. त्या वरच्या घरात प्रेम भरपूर होतं, आणि आम्ही तिघंही त्यात अडकून बसलो.

सध्या संध्याकाळी पाच वाजता मी बाहेर पडते. काम काही नसतं. बाबा वर्तमानपत्रातून मान काढून विचारतात, "कुठे निघालीस?"

"कुठे नाही," मी म्हणते, आणि दार ओढून घेते.